झुमरी तिलैया : पत्र्याच्या भावावर वाढलेलं, किलोच्या भावावर आलेलं गाव

विविध भारतीवर फर्माईशी ऐकत मोठ्या झालेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, झुमरीतलैया हे नाव त्याला पाठ असतं. गाणं कुठलंही असो, ते लावायला सांगणाऱ्यांच्या यादीत या गावचे चार-दोन श्रोते हमखास. पुष्कळांची तर समजूत होती की असं गाव नाहीच, निवेदकांनी गमतीने रचलेलं नाव आहे. गाव खरं आहे. झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात, हावडा–गया–दिल्ली या ग्रँड कॉर्ड मार्गावर ते वसलं आहे. गावातल्या रेल्वे स्थानकाचं नाव मात्र कोडरमा, त्यामुळे गाडीतून जाणाऱ्याला आपण झुमरी तिलैयात थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती सुमारे ८८ हजार होती. रांची–पाटणा रस्ता इथूनच जातो आणि कलाकंद प्रसिद्ध आहे. पोस्टकार्डांचा पाऊस पाडायला लागणारा रिकामा वेळ आणि खिशातले पैसे मात्र गावाला अभ्रकाने दिले.

खाणगावांच्या गोष्टी बहुधा एका साच्यात सांगतात: खनिज सापडलं, भरभराट झाली, खनिज संपलं, गाव ओस पडलं. इथे तसं झालेलं नाही. अभ्रक संपला नाही, त्याची निर्यातही थांबली नाही. बदललं ते माल मोजण्याचं माप. आधी अभ्रकाच्या सलग पत्र्याच्या आकाराला किंमत होती, पुढे ती नुसत्या वजनाला आली. गावातल्या कारखान्यांचं, जंगलातल्या वस्त्यांचं आणि अखेर लहान मुलांचं काय झालं, ते या एका बदलातून बरंचसं उलगडतं, असं मला वाटतं. वनकायदा, सोव्हिएत संघाचं विघटन, कृत्रिम पर्याय ही नेहमी दिली जाणारी कारणं खरीच आहेत, पण ती एकेकटी पुरत नाहीत.

पट्टा आणि त्यातला माल

कोडरमा, गिरिडीह, हजारीबाग हे झारखंडचे जिल्हे आणि नवादा, जमुई, गया हे बिहारचे, यांतून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा अभ्रकाचा पट्टा जातो. राज्याची हद्द जंगलातून जाते आणि जंगलाला ती ठाऊक नसते. खाणवाल्यांनाही ती फारशी कधी अडली नाही. खडक पेग्मटाइट जातीचा, म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे मोठाले स्फटिक असलेला. अभ्रक त्यात पानांचे गठ्ठे होऊन बसलेला असतो, आणि खाणीच्या भाषेत त्या गठ्ठ्याला पुस्तकच म्हणतात. कोळशाचा थर कसा मैलोनमैल सलग सापडतो, तसं इथे नाही. शीर वळते, बारीक होते, नाहीशी होते, दहा हातांवर पुन्हा डोकं काढते. त्यामुळे साठा किती आहे हे आधी मोजून मोठं भांडवल ओतायची सोय नव्हती. खाण शिरेच्या मागे मागे जाई, आणि पट्टाभर शेकडो लहान-मोठी बिळं पडली.

कोडरम्याच्या राखीव जंगलात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणकामाला जोर आला. १९०६ साली ग्रँड कॉर्ड मार्ग सुरू झाला आणि माल कलकत्त्याच्या बंदरापर्यंत नेणं सोपं झालं. डोमचांचला एफ. एफ. क्रिश्चियन ही युरोपीय कंपनी होती. झुमरी तिलैयात छट्टूराम होरिलराम यांच्या पेढीने देशी मालकांमध्ये सर्वांत मोठं नाव कमावलं, सी. एच. ही आद्याक्षरं आजही गावातल्या शाळेच्या पाटीवर आहेत. इथल्या मस्कोव्हाइट अभ्रकाला लालसर झाक असते. ‘बेंगॉल रूबी’ या नावाने तो जगभर विकला जाई आणि विजेच्या कामासाठी उत्तम मानला जाई.

एवढी मागणी असण्याचं कारण साधं होतं. अभ्रक वीज अडवतो, उष्णता सोसतो आणि हवा तितका पातळ सुटतो. आपल्याकडच्या जुन्या इस्त्रीचं एलिमेंट ज्यांनी कधी उघडून पाहिलं असेल, त्यांनी अभ्रकाच्या पत्र्यांत गुंडाळलेली ती तार पाहिलेली असते. तेच काम मोटारींत, जनित्रांत, विमानाच्या स्पार्क प्लगमध्ये आणि रेडिओच्या कंडेन्सरमध्ये चाले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना हा माल इतका निकडीचा होता की भारतातला अभ्रक विकत घेण्यासाठी ब्रिटन आणि अमेरिकेने १९४२ मध्ये एक संयुक्त यंत्रणाच उभी केली. युद्धकाळातल्या या खरेदीने पट्ट्यात आला तसा पैसा आधी कधी आला नव्हता.

विळा, सुरी आणि आकाराचे क्रमांक

खाणीतून आलेलं पुस्तक जसंच्या तसं विकत नसत. आधी ते फोडायचं, मग भेगाळलेल्या, डागाळलेल्या कडा कापून काढायच्या. बिहारमध्ये हे काम विळ्याने होई, मद्रासकडे कात्रीने. विळ्याने कापलेली कड तिरपी आणि पातळ होते, त्यामुळे पत्रा किती थरांचा आहे आणि आत कुठे डाग आहे, ते कडेवरूनच दिसतं. मग प्रतवारी. एक बाजू आकाराची: क्रमांक ६ म्हणजे सर्वांत लहान, क्रमांक १ मोठा, त्याच्याही वर ‘स्पेशल’ वगैरे. दुसरी बाजू स्वच्छतेची: निखळ, किंचित डागाळलेला, डागाळलेला, अशा पायऱ्या. एकाच वजनाच्या दोन तुकड्यांच्या भावात या दोन बाजूंमुळे कितीतरी पटींचा फरक पडे. तळहाताएवढा निखळ पत्रा आणि तेवढ्याच वजनाचा चुरा यांची तुलनाच नव्हती.

यातलं बरंचसं काम यंत्राने जमत नसे. लहान पत्र्यांपासून ‘स्प्लिटिंग’ काढण्याचं काम, म्हणजे सुरीच्या टोकाने कागदाहून पातळ पापुद्रे सोडवणं, हे हातांचं काम होतं. ते कारखान्यांत होई, तसंच खेड्यापाड्यांत घरी बसूनही होई, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. हे पापुद्रे लाखेने एकावर एक चिकटवून मायकानाइट नावाचा पत्रा तयार होई. लाखही छोटा नागपूरच्याच जंगलातली, म्हणजे विद्युतयंत्रांच्या त्या पत्र्यातले दोन्ही पदार्थ याच पठारावर मिळत.

कामगारांची पिळवणूक तेव्हाही होती, मुलं तेव्हाही कामावर होती. जुन्या काळाचं सोनं करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र माल आकारावर विकला जात असल्यामुळे मालकाला हात लागत, आणि तेही शिकलेले. चुकीच्या हाताने फोडलेल्या पुस्तकाचा क्षणात चुरा होतो. म्हणून कारखाने हवेत, मुकादम हवेत, प्रतवारी करणारे हवेत, हिशेबनीस हवेत, आणि हे सगळे एका जागी हवेत. झुमरी तिलैया हे गाव त्या गरजेतून वाढलं. १९४६ साली अभ्रक खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा झाला, निर्यातीवर उपकर बसला, आणि त्या पैशातून कोडरम्याजवळ करमा इथे कामगारांसाठी रुग्णालय उभं राहिलं. उपकर बसवायला निर्यातीचा कागद लागतो, कामगार मोजायला हजेरीपट लागतो. तेव्हा दोन्ही होते.

पण कागदाबाहेरचा धंदाही तितकाच जुना आहे, हे विसरून चालणार नाही. जंगलातून, मालकाच्या खाणीतून अभ्रक चोरीला जाई आणि गुपचूप विकला जाई. तो रोखण्यासाठी बिहार-ओरिसा प्रांतात १९३० मध्ये आणि मग बिहारमध्ये १९४७ मध्ये अभ्रक कायदे झाले: परवान्याशिवाय अभ्रक विकत घ्यायचा नाही, जवळ बाळगायचा नाही, नोंदवही ठेवायची. आज वर्तमानपत्रं ‘अवैध अभ्रक’ असं नव्याने उगवल्यासारखं लिहितात, तेव्हा या दोन कायद्यांची आठवण व्हावी.

रेडिओच्या आतला अभ्रक

फर्माईशींचा काळ हा या भरभराटीच्या शेवटच्या पर्वातला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि देशभरचे कान रेडिओ सिलोनकडे वळले. ते परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. झुमरी तिलैयात तोवर श्रोत्यांचे गट आणि त्यांच्यातली चढाओढ दोन्ही रंगली होती. कुणाचं नाव आठवड्यात किती वेळा आलं याची गावात चर्चा होई. कुणी प्रतिस्पर्ध्याची पत्रं पोस्टातच अडकवली, कुणी कधी कुणाला पैसे चारले, अशा कहाण्या तिथे अजून सांगतात. अभ्रकशेठांच्या परदेशी मोटारींच्या कहाण्याही त्याच जातीच्या. त्यांतलं खरं किती आणि मीठमसाला किती, हे निवडत बसण्यात आपला वेळ घालवायला नको.

मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळातला रेडिओ व्हॉल्व्हचा. काचेच्या व्हॉल्व्हच्या आत जे बारीक धातूचे भाग उभे असतात, ते जागच्या जागी धरून ठेवायला अभ्रकाच्या चकत्या लागत. शिवाय कंडेन्सरमध्ये अभ्रक. पुढे ट्रान्झिस्टर आला. रेडिओ स्वस्त झाला, शेताच्या बांधापर्यंत पोचला, श्रोते वाढले आणि फर्माईशीही वाढल्या. व्हॉल्व्ह मात्र गेला, आणि त्याच्याबरोबर अभ्रकाच्या पत्र्याचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं. गावाचं नाव देशभर गाजत होतं त्याच वर्षांत गावाच्या मालाची गरज आटू लागली होती.

उतार कसा आला

उतार एका फटक्यात आला नाही. ट्रान्झिस्टरपेक्षा खोल घाव घातला तो अभ्रक-कागदाने. अभ्रकाच्या चुऱ्याचा लगदा करून त्याचा सलग कागदासारखा पत्रा ओढण्याचं तंत्र विसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात रुळलं. म्हणजे जे काम हातांनी पापुद्रे सोडवून आणि लाखेने चिकटवून होई, तेच यंत्र करू लागलं, आणि त्याला कच्चा माल म्हणून चुरा चालू लागला. आजवर जो माल टाकाऊ म्हणून खाणीच्या तोंडाशी ओतून दिला होता, तो विकाऊ झाला, आणि ज्या हातांच्या कसबावर गाव उभं होतं त्यांची किंमत घसरली. झुमरी तिलैयाच्या इतिहासातलं खरं वळण मला हेच वाटतं, पण त्याची तारीख कुठेच लिहिलेली नाही, म्हणून ते सांगितलं जात नाही.

सत्तरच्या दशकात सरकारने निर्यात आपल्या हाती घेतली आणि मिटको नावाचं महामंडळ काढलं. सोव्हिएत संघ मोठा खरेदीदार होता. रुपयांतल्या व्यापारामुळे ती मागणी बाजाराच्या उलाढालीपासून काहीशी सुरक्षित राहिली, आणि त्या सावलीत पट्ट्याने आणखी काही वर्षं काढली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलातल्या भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण केंद्राच्या परवानगीवर अवलंबून ठेवलं. कोडरम्याच्या बहुतेक खाणी राखीव जंगलात, मालक लहान, नुकसानभरपाई म्हणून वनीकरण आणि कागदपत्रं यांचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा. एकामागून एक भाडेपट्टे संपले आणि खाणी कायदेशीरपणे बंद झाल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि उरलासुरला आधार गेला. भरात असताना या पट्ट्यात ७०० च्या वर खाणी आणि २० हजारांच्या वर कामगार होते, असा आकडा सांगितला जातो. १९९४ मध्ये हजारीबागमधून कोडरमा वेगळा जिल्हा झाला, तोवर त्या खाणींतल्या मोजक्याच जिवंत होत्या.

वनकायद्यावर खापर फोडण्याची गावात पद्धत आहे. ते पूर्ण चूक नाही, पण पत्र्याचा भाव टिकून असता तर मालकांनी परवानगीचा खर्च सोसला असता. पडत्या धंद्यावर कायदा आला, म्हणून तो इतका जड गेला.

ढिबरा

खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांच्या तोंडाशी दगडमातीचे डोंगर उभे होते. शंभर वर्षं त्यांत चुरा आणि लहान तुकडे टाकले गेले होते, कारण तेव्हा ते सहाव्या क्रमांकातही बसत नव्हते. या टाकाऊ अभ्रकाला तिथे ढिबरा म्हणतात. ढीग खरवडून, चाळून ढिबरा वेचायचा आणि टोपलीत भरून विकायचा, हा जंगलातल्या वस्त्यांचा आजचा धंदा आहे. ढीग संपत आला की जुन्या बिळांत शिरायचं, नाहीतर नवं बीळ पाडायचं.

गिऱ्हाईकही बदललं. अभ्रकाची बारीक भुकटी आणि पापुद्रे यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला की मोत्यासारखी झळाळी देणारा रंग होतो. तो मोटारींच्या रंगात जातो, लिपस्टिकमध्ये, आयशॅडोमध्ये, टूथपेस्टमध्ये जातो. भुकटी तेलविहिरी खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलात जाते, प्लॅस्टिकमध्ये जाते, इन्सुलेशनच्या कागदात तर जातेच. आपल्याकडे रांगोळीत आणि गुलालात चमकणारा कणही पुष्कळदा अभ्रकच. या कुठल्याही उपयोगाला तळहाताएवढा पत्रा लागत नाही. हवा आहे तो किलो, क्विंटल, टन.

माल वजनावर आला की काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. प्रतवारी करणारा नको. विळा चालवणारी बाई नको. चुकीच्या हाताने माल बिघडत नाही, म्हणून कुणाचेही हात चालतात, आणि अरुंद बिळात लहान हात अधिक चालतात. वेचणाऱ्याकडून गावातला खरेदीदार घेतो, त्याच्याकडून गोदामवाला, मग झुमरी तिलैया किंवा गिरिडीहचा भुकटी करणारा कारखाना आणि निर्यातदार, तिथून कोलकात्याचं बंदर, आणि तिथून चीन किंवा युरोप. कारखान्याच्या दारात येईपर्यंत सगळ्यांचा ढिबरा एकत्र झालेला असतो. कुठल्या बिळातून कुठला कण आला, हे सांगणं तिथून पुढे अशक्य.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, ढिबऱ्याला किलोमागे आठ रुपये मिळतात आणि नवरा-बायको मिळून दिवसात २० किलो वेचतात. हातात पडले १६० रुपये. दोन मुलं बरोबर आली आणि १० किलो जास्त निघाला, तर २४०. एवढ्या कमी उत्पन्नात ८० रुपयांची वाढ म्हणजे अर्ध्या दिवसाचं जेवण आहे. आता मुलांना शाळेत पाठवा असं सांगणाऱ्याला या ८० रुपयांचं उत्तर द्यावं लागतं. शाळा मोफत आहे, दुपारचं जेवणही आहे, पण ८० रुपयांची जागा ती घेत नाही. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं शहरात बसून म्हणणारे हा हिशेब करत नाहीत.

न दिसणारी खाण

भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात आहे आणि देशाच्या खनिजांचे आकडे तिथून निघतात. २०१३-१४ मध्ये देशात अभ्रकाचं अधिकृत उत्पादन सुमारे १९ हजार टन होतं. त्याच वर्षी निर्यात झाली सुमारे १ लाख २८ हजार टन. जितका पिकला त्याच्या साडेसहापटींहून जास्त विकला. नेदरलँड्समधल्या संस्थांनी २०१६ च्या अहवालात ही तफावत मांडली आणि झारखंड व बिहारमध्ये मिळून २० हजारांहून जास्त मुलं या कामात असल्याचा अंदाज दिला.

निर्यातदारांचं म्हणणं असं की जुन्या ढिगातला माल हे नवं उत्पादन नव्हेच, म्हणून तो उत्पादनाच्या रकान्यात दिसत नाही. यात तथ्य आहे. सगळीच तफावत चोरीची म्हणणं घाईचं होईल. पण जुन्या ढिगाचा माल आणि काल पाडलेल्या बिळातला माल हातात घेतला तर सारखाच दिसतो, आणि पहिल्याच्या आडून दुसरा सुखाने जातो.

अधिकृत रकान्यात नसण्याची किंमत बिळात उतरणारा मोजतो. खाण कायदा १९५२ चा आहे. खाणीत अपघात झाला तर मालकाने किंवा व्यवस्थापकाने खबर द्यायची, तपासणी अधिकारी येणार, जबाबदारी ठरणार. खाणसुरक्षेच्या महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला आहे, म्हणजे कोडरम्याहून त्याच रेल्वेमार्गावर पूर्वेला. पण कागदोपत्री खाणच नाही तर मालक कुठला, व्यवस्थापक कुठला आणि खबर कोण देणार? भरपाई मागायला मालक दाखवावा लागतो. मातीचं छत कोसळतं, त्याला तिथे ‘चाल धंसली’ म्हणतात. गावकरी प्रेत घेऊन घरी जातात आणि पोलिसांना कळण्याआधी अंत्यसंस्कार उरकतात. कळलं तर उरलेलं बीळही बंद होईल आणि अवैध उत्खननाचा गुन्हा घरावरच येईल, ही भीती. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी काही महिने भटकंती करून दाखवलं की दोन महिन्यांत ७ मुलं अशा खाणींत मेली होती आणि त्यांचे मृत्यू दडपले गेले होते.

वनखात्याचा नाका, पोलीस, खनिकर्म खातं यांच्या धाडी पडत राहतात. ढिबऱ्याचा ट्रॅक्टर पकडला जातो, चार वेचणाऱ्यांवर गुन्हे होतात. वर गोदामापाशी आल्यावर हाच माल कागदावर चढतो आणि वैध होतो. कारवाईचा सगळा भार साखळीच्या सर्वांत खालच्या कडीवर पडावा, अशीच ही रचना झाली आहे. हे मुद्दाम कुणी ठरवलं असेल असं नाही. कागद कुठून सुरू होतो त्यावर ते ठरलं.

बाहेरून आलेले उपाय

सौंदर्यप्रसाधनं आणि रंग बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना हा विषय नवा नव्हता, पण २०१६ च्या बातम्यांनंतर त्यांना गप्प बसता येईना. काहींनी नैसर्गिक अभ्रकच सोडायचं ठरवलं. लश या ब्रिटिश कंपनीने तसं आधीच, २०१४ मध्ये, जाहीर केलं होतं. प्रयोगशाळेत केलेला अभ्रक अधिक शुद्ध असतो आणि चमकतोही जास्त. गिऱ्हाईकाच्या मनाला तो बरा वाटतो. पट्ट्यातल्या घराला मात्र त्यातून काही मिळत नाही, उलट मिळत होते ते आठ रुपये जातात.

दुसरा मार्ग, माल घ्यायचा पण साखळी सुधारायची. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही कंपन्यांची आणि संस्थांची आघाडी झाली. पाच वर्षांत, म्हणजे २०२२ पर्यंत, बालमजुरी संपवायची असं तिचं पहिलं उद्दिष्ट होतं. ते झालं नाही. आता २०३० म्हणतात. कैलाश सत्यार्थी यांच्या संस्थेने पट्ट्यातल्या खेड्यांत ‘बाल मित्र ग्राम’ची कामं केली: मुलांची पंचायत, शाळेत नावं घालणं, रेशन-पेन्शनसारख्या योजनांपर्यंत घरांना पोचवणं. या कामाचा उपयोग झाला तो जिथे झाला तिथे. मला यातला शेवटचा भाग सर्वांत कामाचा वाटतो, कारण वरच्या हिशेबातल्या ८० रुपयांना थेट हात घालणारा तो एकच आहे.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीची बातमी २०१९ मध्ये आली. कोडरमा आणि गिरिडीहच्या अभ्रकभागांत ६ ते १४ वयाची ४,५४५ मुलं शाळेत जात नव्हती. आधीच्या २० हजारांच्या अंदाजाशी हा आकडा सरळ ताडून पाहता येत नाही. एक अंदाज कामावरच्या मुलांचा आहे, दुसरी मोजणी शाळेबाहेरच्या मुलांची. सकाळी शाळा आणि दुपारी ढिबरा असं करणारं मूल या दुसऱ्या मोजणीत सापडतच नाही.

राज्य सरकारनेही ढिबरा वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था करून माल सरकारी महामंडळामार्फत विकण्याची वाट काढून पाहिली. कल्पना योग्य आहे, कारण ती निदान वेचणाऱ्याला गुन्हेगाराच्या यादीतून काढून विक्रेत्याच्या यादीत आणते. अडचण नेहमीची: ढीग वनजमिनीवर, वनजमीन केंद्राच्या कायद्याखाली, आणि सहकारी संस्थेचा खरेदीभाव गावातल्या खाजगी खरेदीदारापेक्षा चांगला हवा, तोही रोख आणि त्याच संध्याकाळी. हातावर पोट असणारा माणूस महिनाअखेरच्या धनादेशाची वाट पाहत नाही. डोमचांचच्या बाजूला दगडखाणी आणि क्रशर वाढले, तिथे पुष्कळ हात गेले. धुळीचे आजार तिथेही आहेतच. बाकीचे सुरतेला, दिल्लीला, मुंबईला गेले.

२०१५ आणि २०२५

कायद्याच्या पुस्तकात अभ्रकाची जागा दहा वर्षांत दोनदा बदलली. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजांना गौण खनिज ठरवलं, त्यात अभ्रक होता. गौण म्हणजे वाळू, मुरूम यांच्या पंगतीतलं. नियम राज्याचे, आणि नागपूरच्या ब्यूरोची देखरेख नाही. ज्या खनिजात उत्पादन आणि निर्यात यांचा मेळ बसत नव्हता, त्याच्यावरची केंद्रीय नजर नेमकी त्याच वेळी उठली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्रक, क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि बराइट ही चार खनिजं परत प्रमुख खनिजांत आली. बालमजुरी हे त्याचं कारण नव्हतं. पेग्मटाइटमध्ये अभ्रकाबरोबर बेरिल, लिथियम, नायोबियम, टँटलम अशी खनिजं असू शकतात, आणि बॅटऱ्यांच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या युगात त्यांना महत्त्व आलं आहे. गौण खनिजाचा भाडेपट्टा घेणारा ही खनिजं सापडली तरी नोंदवत नाही, काढत नाही, ती टाकाऊ दगडात जातात, असं केंद्राचं म्हणणं. कोडरम्याच्या ढिगांचा इतिहास पाहता हे म्हणणं पटण्यासारखं आहे: ज्याला भाव नाही ते खाणीच्या तोंडाशी ओतायचं, ही इथली जुनीच रीत.

नव्या व्यवस्थेत असलेल्या भाडेपट्टेधारकांनी ३० जून २०२५ पर्यंत खाण ब्यूरोकडे नोंदणी करायची होती; त्यांच्या भाडेपट्ट्यांची मुदत वाढते आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याकडेच राहतं. ढिबरा वेचणाऱ्या घराकडे भाडेपट्टा नाही, त्यामुळे या नोंदणीत ते कुठेच येत नाही. पुढे लिथियमसाठी पट्ट्यातले तुकडे लिलावात निघाले, तर बोली लावणारे मोठे असतील, कुंपण पडेल, आणि जुने ढीग त्या कुंपणाच्या आत जातील. वस्त्यांना तेव्हा ना ढिबरा उरेल ना खाणीतली नोकरी, कारण यंत्रांच्या खाणीला इतके हात लागत नाहीत. लिलावाच्या अटींत ढिगांवरचा वेचणाऱ्यांच्या संस्थांचा हक्क आणि किमान खरेदीभाव आधीच लिहून घेणं राज्याला आज शक्य आहे. बोली लागल्यावर ते मागून घालता येणार नाही.